लाकडी राजवाड्याला कचेरीने कसं तारलं

जर्मनीतला राजवाडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दगडी बुरूज, खंदक आणि टोकदार मनोरे येतात. हार्त्स डोंगररांगेच्या नैर्ऋत्य कडेला हेर्त्सबेर्ग नावाचं छोटं गाव आहे. त्या गावावरच्या टेकडीवर उभा असलेला राजवाडा या चित्रात बसत नाही. त्याचा खालचा भाग दगडी आहे, पण वरचे मजले लाकडी चौकटींचे आहेत. मधे मोठा चौक, चौकाच्या चारी अंगांना इमारतीच्या चार ओळी आणि घड्याळाचा एक मनोरा. लोअर सॅक्सनी राज्यात राजवाडे पुष्कळ आहेत, पण लाकडी चौकटींचे फार थोडे. त्या थोड्यांतला हा एक महत्त्वाचा राजवाडा. आणि त्यात आजही न्यायालय भरतं.

इथे राजपुत्र जन्मले, त्यांच्यातल्या एकाच्या वंशजांनी पुढे इंग्लंडवर राज्य केलं. त्यामुळे या वास्तूबद्दल लिहिताना बहुतेक जण राजघराण्यापाशीच थांबतात. मला मात्र वाटतं की राजघराणं इथून निघून गेल्यानंतरचा काळच जास्त समजून घेण्यासारखा आहे. लाकूड आणि मातीची इमारत पाचशे वर्षं टिकते ती आपोआप नाही. ती का टिकली याचं उत्तर तिथे बसलेल्या कारकुनांपाशी, त्यांच्या दप्तरांपाशी आणि वेळच्या वेळी शाकारलेल्या छपरापाशी सापडतं.

आधी ही बांधणी कशी असते ते पाहू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

या पद्धतीत भिंत वजन पेलत नाही, लाकडाचा सांगाडा पेलतो. दगडी जोत्यावर एक जाड आडवा लाकडी पाट बसवतात. त्यावर ठरावीक अंतराने उभे खांब, खांबांच्या मधे आडवे दांडे, वर तुळया आणि कोपऱ्यांत तिरपे टेकू. हे तिरपे टेकू फार महत्त्वाचे. नुसत्या उभ्या-आडव्या लाकडांचा चौकोन वाऱ्याच्या जोराने एका बाजूला कलू शकतो. तिरपं लाकूड त्या चौकोनाचे त्रिकोण करतं, आणि त्रिकोण कलत नाही. जोड देताना एका लाकडाला कुसू काढायचं, दुसऱ्याला खाच, आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी ठोकायची. लोखंडी खिळ्याची जवळजवळ गरजच पडत नाही. उरलेल्या रिकाम्या खणांत काठ्या उभ्या करून त्यांत फोक विणायचे, आणि त्यावर गवत घातलेली चिकणमाती दोन्ही बाजूंनी लिंपायची. वरून चुन्याचा हात. पुढच्या काळात काही ठिकाणी खण विटांनीही भरले गेले.

ज्यांनी पुण्या-नाशकातला जुना वाडा उघडा पडलेला पाहिला आहे, त्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. तिथेही वजन सागवानी खांबांवर आणि तुळयांवर, आणि वीट-माती फक्त अंतर भरायला. फरक इतकाच की आपल्याकडे सांगाडा बराचसा भिंतीच्या पोटात जातो, तर जर्मन सुतार तो बाहेरून उघडा ठेवतात. त्यामुळे रस्त्यावर उभं राहूनही इमारतीची हाडं वाचता येतात. खुंट्या कुठे बदलल्या, कुठला खांब नंतर घातला, कुठल्या रिकाम्या खाचेत पूर्वी टेकू होता, हे सगळं दिसतं. सुतार आधी सगळा सांगाडा जमिनीवर आडवा मांडून जोडत. मग प्रत्येक लाकडावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरून तो सुटा करत आणि जागेवर पुन्हा उभा करत. त्या खुणा अजून कित्येक इमारतींत सापडतात. लाकडातल्या वार्षिक वलयांची रुंदी मोजून झाड कुठल्या वर्षी तोडलं हेही सांगता येतं. ओकचं लाकूड बहुधा ओलं असतानाच कापून, तासून वापरत, त्यामुळे तोडणीचं वर्ष आणि बांधकामाचं वर्ष यांत फारसं अंतर नसतं. दगडी भिंत आपलं वय इतक्या स्पष्टपणे कधीच सांगत नाही.

हेर्त्सबेर्गच्या टेकडीवर आधी साधा किल्ला होता. ११५८ साली सम्राट फ्रीडरिश बार्बारोसा याने सॅक्सनीचा बलाढ्य ड्यूक हाइनरिश, ज्याला ‘सिंह’ म्हणत, त्याच्याशी मुलखाची अदलाबदल केली. हाइनरिशने दक्षिणेतलं बाडेनवायलर दिलं आणि हार्त्सच्या पायथ्याचं हेर्त्सबेर्ग, शेजारचा शार्त्सफेल्सचा किल्ला आणि पोएल्डे घेतलं. हाइनरिश हा वेल्फ घराण्यातला. तेव्हापासून १८६६ पर्यंत, म्हणजे सातशे वर्षांहून जास्त, ही जागा याच घराण्याच्या शाखांकडे फिरत राहिली. वारसांमध्ये वाटण्या होत होत मुलूख लहान होत गेले. हेर्त्सबेर्ग ज्या शाखेच्या वाट्याला आलं ती ग्रूबेनहागेनची शाखा. मुलूख छोटा, पण हार्त्समधल्या खाणींमुळे मोलाचा.

१५१० मध्ये किल्ला जळाला. ड्यूक फिलिप पहिला याने तो पुन्हा बांधला, आणि वरचे मजले लाकडाचेच केले. आगीत सगळं गेल्यावर माणूस पुन्हा लाकूडच का वापरतो, असा प्रश्न पडतो. कारणं व्यवहाराची होती. लाकूड हाताशी होतं, तर दगड खाणीतून काढून, घडवून टेकडीवर चढवायचा म्हणजे वेळ आणि पैसा. हार्त्सच्या गारठ्यात माती-लाकडाची खोली दगडी खोलीपेक्षा लवकर ऊब धरते. शिवाय तोफांचा काळ सुरू झाला होता, त्यांच्यापुढे जुन्या पद्धतीच्या उंच दगडी भिंतींचा पूर्वीसारखा भरवसा उरला नव्हता. मग लढाईसाठी बांधण्यापेक्षा राहण्यासाठी बांधावं हे शहाणपणाचं होतं. दगडी तळावर लाकडी मजले हा उत्तम तोडगा होता. ओल जमिनीतून वर चढते आणि लाकडाला सगळ्यात मोठा धोका तिचाच, म्हणून लाकूड जमिनीपासून दूर.

१५९६ मध्ये ग्रूबेनहागेनची शाखा निर्वंश झाली. मुलखावर दोन भाऊबंद शाखांनी दावा सांगितला. वोल्फेनब्युटेलच्या शाखेने तो ताब्यात घेतला. पण निकाल दुसऱ्या बाजूने लागला, आणि १६१७ मध्ये हेर्त्सबेर्ग त्सेलेच्या शाखेकडे गेलं. या शाखेत तेव्हा सात भाऊ होते. मुलखाचे आणखी तुकडे पडू नयेत म्हणून त्यांनी एक विलक्षण करार केला होता. राज्य थोरल्यापासून क्रमाने करायचं, पण घराणं पुढे चालवणारं रीतसर लग्न एकानेच करायचं. ते कुणी करायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं, आणि चिठ्ठी निघाली सहाव्या भावाची, गेओर्गची. १६१७ च्या अखेरीस त्याचं लग्न हेसेन-डार्मश्टाटच्या आना एलेओनोरेशी झालं आणि दोघांनी हेर्त्सबेर्गच्या लाकडी राजवाड्यात संसार मांडला. गेओर्ग अजून कुठलाच राजा नव्हता. त्याच्या भावांचा दरबार त्सेलेत होता. पण घराण्याचं भवितव्य मात्र इथे वाढत होतं.

त्याच काळात तीस वर्षांचं युद्ध सुरू झालं. गेओर्ग सेनापती म्हणून कधी डेन्मार्ककडून, कधी सम्राटाकडून, कधी स्वीडनकडून लढत राहिला. मुलं हेर्त्सबेर्गला जन्मत राहिली: १६२२ मध्ये क्रिस्टियान लुडविग, १६२४ मध्ये गेओर्ग विल्हेल्म, १६२५ मध्ये योहान फ्रीडरिश, १६२८ मध्ये सोफी आमाली, जी पुढे डेन्मार्कची राणी झाली, आणि १६२९ मध्ये एर्न्स्ट आउगुस्ट. चारही भावांनी पुढे राज्य केलं. योहान फ्रीडरिशने १६७६ मध्ये लाइब्निझ या गणितज्ञ-तत्त्वज्ञाला हॅनोवरला आणून आपल्या ग्रंथालयावर नेमलं. धाकट्या एर्न्स्ट आउगुस्टने त्याच लाइब्निझकडे वेल्फ घराण्याचा इतिहास लिहिण्याचं काम दिलं, आणि १६९२ मध्ये सम्राट निवडणाऱ्या राजांच्या पंगतीत स्थान मिळवलं. त्याची बायको सोफिया इंग्लंडच्या राजाची नात. म्हणून त्यांचा मुलगा १७१४ मध्ये पहिला जॉर्ज या नावाने ब्रिटनच्या गादीवर बसला.

इथे आपल्या इतिहासाशी एक धागा जुळतो. या पहिल्या जॉर्जचा पणतू म्हणजे तिसरा जॉर्ज. तो १७६० मध्ये, पानिपताच्या जेमतेम काही महिने आधी गादीवर आला आणि १८२० पर्यंत नावाने राजा होता. १७ नोव्हेंबर १८१७ ला पुण्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं ते त्याच्या राजवटीत. तेव्हा तो आजारी होता आणि कारभार त्याचा मुलगा पाहत होता. पण हाच माणूस हॅनोवरचाही राजा होता, म्हणजे हेर्त्सबेर्गचा राजवाडाही कागदोपत्री त्याचाच. त्याचे खापरपणजोबा त्या राजवाड्यात जन्मले होते.

राजवाड्याच्या वैभवाचा काळ मात्र या सगळ्याच्या कितीतरी आधी संपला होता. १६३५ मध्ये गेओर्गच्या वाट्याला कालेनबेर्गचा मुलूख आला, आणि पुढच्याच वर्षी त्याने हॅनोवर ही राजधानी ठरवली. १६४१ मध्ये तो वारला. त्याची विधवा १६५९ मध्ये वारली. दरबार गेला, मेजवान्या गेल्या, आणि मागे राहिली मोठी इमारत.

अशा इमारतीचं काय करायचं? हॅनोवरच्या राज्यकर्त्यांनी जे केलं ते अनेक जर्मन मुलखांत चाललेलं होतं. त्यांनी तिथे कारभार बसवला.

त्या काळी ग्रामीण मुलूख ‘आम्ट’ नावाच्या विभागांत वाटलेला असे. प्रत्येक आम्टवर एक अधिकारी, त्याच्या हाताखाली लेखनिक, वसुली करणारे, वनरक्षक. आज आपण महसूल खातं, न्यायालय, पोलीस, वनखातं, बांधकाम खातं अशी वेगळी दारं ठोठावतो. तेव्हा या सगळ्यांचं दार एकच होतं. शेतकरी धान्याचा दशमांश द्यायला तिथेच यायचा. रोख खंड भरायला तिथेच. वेठीच्या कामाची पाळी तिथेच लागायची. ज्यांच्याकडे बैल-घोडे होते त्यांना जनावरांसह राबावं लागे, ज्यांच्याकडे नव्हते त्यांना हातांनी. शेजाऱ्याने बांध कोरला तर तक्रार तिथे, जंगलातून लाकूड चोरलं तर दंडही तिथेच. अनेक आम्टांत राजाची खासगी शेतीही त्याच अधिकाऱ्याकडे खंडाने असे. म्हणजे जो मनुष्य वेठीची कामं ठरवायचा, त्याच्याच शेतात ती कामं व्हायची, आणि त्याविरुद्ध दाद मागायची तर पहिली पायरीही तोच. १७३७ मध्ये जवळच गोटिंगेनला विद्यापीठ सुरू झालं आणि अधिकारी तिथून कायदा शिकून येऊ लागले, तरी ही गाठ सुटली नाही.

ही गाठ समजली की राजवाड्यातच कचेरी का, हेही समजतं. आम्टला जे जे लागे ते ते राजवाड्यात आधीपासून होतं: धान्याची कोठारं, तबेले, कोठडी, दप्तर ठेवायला कोरड्या खोल्या, अधिकाऱ्याला कुटुंबासह राहायला जागा आणि गाड्या उभ्या करायला मोठा चौक. खालच्या गावातून कुठूनही दिसणारी इमारत असल्यामुळे सत्ता कुठे आहे हे कुणाला सांगावंही लागत नसे.

गाठ सुटायला फार काळ लागला. १८०७ मध्ये नेपोलियनने आपल्या धाकट्या भावासाठी वेस्टफालियाचं राज्य उभारलं. हा मुलूख त्यात गेला आणि फ्रेंच पद्धतीने न्याय आणि कारभार वेगळे केले गेले. १८१३ मध्ये ते राज्य कोसळलं आणि जुनी व्यवस्था परत आली. पण लोकांनी दुसरी व्यवस्था अनुभवली होती. १८३० च्या दशकात हॅनोवरमध्ये कायदे झाले आणि शेतकऱ्यांना जुनी देणी आणि वेठ कायमची सोडवून घेता येऊ लागली. किंमत साधारण वार्षिक देण्याच्या पंचवीस पट. ती रक्कम लहान नव्हती. कित्येक कुटुंबांना कर्ज काढून आपलं स्वातंत्र्य विकत घ्यावं लागलं, हे मला या सगळ्या हकिगतीतलं सगळ्यात कठोर पान वाटतं. मग १८५२ मध्ये खरा बदल झाला. न्यायदान आम्टच्या अधिकाऱ्याकडून काढून स्वतंत्र स्थानिक न्यायालयांकडे देण्यात आलं. वसुली करणारा आणि निवाडा देणारा हे आता दोन वेगळे लोक झाले.

मधल्या काळात वर राजे बदलतच होते. १८३७ मध्ये ब्रिटनच्या गादीवर व्हिक्टोरिया आली. हॅनोवरच्या वारसा-नियमात पुरुष वारस असताना स्त्रीला गादी नव्हती, म्हणून दोन्ही मुकुट वेगळे झाले. १८६६ मध्ये प्रशियाने हॅनोवर जिंकून आपल्यात सामील केलं आणि वेल्फांची सत्ता संपली. १८७९ मध्ये एकत्र जर्मनीने न्यायालयांची एकच रचना लागू केली. १८८५ मध्ये जुने आम्ट मोडून जिल्हे आले आणि हेर्त्सबेर्ग ओस्टेरोडे जिल्ह्यात गेलं. प्रत्येक बदलाबरोबर दारावरची पाटी आणि कागदावरचा शिक्का बदलला, पण इमारत मात्र वापरात राहिली.

वापरात राहण्याने काय फरक पडतो हे पाहायचं तर फार लांब जावं लागत नाही. काही किलोमीटरवर शार्त्सफेल्सचा किल्ला आहे, तोच जो ११५८ च्या व्यवहारात हेर्त्सबेर्गबरोबर आला होता. उंच सरळ कड्यावरचा, पूर्णपणे दगडी, अजिंक्य समजला जाणारा. राज्याचे महत्त्वाचे कैदी तिथे ठेवत. पहिल्या जॉर्जच्या बायकोची विश्वासू सखी एलेओनोरे फोन देम क्नेसेबेक तिथे कैदेत होती आणि १६९७ मध्ये तिथून निसटली. सात वर्षांच्या युद्धात, १७६१ मध्ये, फ्रेंचांनी तो किल्ला घेतला आणि सुरुंग लावून उडवला. नंतर तो कुणी बांधला नाही. सैनिकी उपयोग संपला होता आणि इतक्या अवघड कड्यावर कचेरी चालवणं सोयीचं नव्हतं. आज तिथे भग्न भिंती आहेत. भक्कम दगड गेला आणि फोक-मातीच्या भिंती राहिल्या, कारण त्यांच्यामागे रोज कुणीतरी कामाला येत होतं.

लाकडी इमारतीला रोजची ये-जा लागते यात भावनेचा भाग नाही. लाकूड ओलं झालं आणि वाळलं तर त्याचं काही बिघडत नाही. ओलं होऊन ओलंच राहिलं की बुरशी धरते आणि तंतू कुजतात. छपराचं एक कौल सरकलं तर पाणी पहिल्यांदा वाशाच्या टोकाशी जातं, तिथून तुळईच्या खाचेत, आणि खाच ही सर्वांत नाजूक जागा, कारण तिथे पाणी अडकून बसतं. कुसू कुजलं की तुळई निसटते. रिकाम्या घरात हे वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. कचेरीत मात्र कागदावर पाणी ठिबकलं की दुसऱ्या दिवशी माणूस शिडी लावतो. सरकारी दप्तर कोरडं ठेवायच्या काळजीपोटी छपरं वाचतात. शिवाय हिवाळ्यात खोल्या गरम केल्या जातात, खिडक्या उघड्या-बंद होतात, हवा खेळते.

कचेऱ्यांनी अशा इमारतींचं नुकसानही केलं आहे, तेही सांगायला हवं. मोठ्या दालनांत पडद्या घालून खोल्या पाडल्या गेल्या, रंगवलेली छतं झाकली गेली. कागद वजनाने जड असतो. राहण्यासाठी घातलेल्या लाकडी जमिनीवर दप्तरांची कपाटं ओळीने लावली की तुळया वाकतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे विसाव्या शतकातली घाईची दुरुस्ती. चिकणमाती आणि चुना हवेतली ओल शोषतात आणि परत सोडतात. त्यांच्या जागी सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिकचा रंग आला की ओल आत कोंडते. सिमेंट ताठ, लाकूड ऋतूनुसार फुगणारं आणि आकसणारं, त्यामुळे दोघांच्या मधे बारीक फट पडते. पावसाचं पाणी तिच्यातून आत जातं, बाहेर येत नाही. शेकडो वर्षं टिकलेला खांब काही दशकांत भुसभुशीत होतो. हा धडा जर्मन कारागिरांनी फार किंमत मोजून घेतला. म्हणून आज जपणुकीच्या कामात पुन्हा चिकणमाती आणि चुनाच वापरतात, आणि कुजलेला खांब सबंध न बदलता खराब तुकडा कापून तेवढंच नवं ओक जोडतात. आपल्याकडच्या वाड्यांना लावलेला सिमेंटचा हात पाहिला की मला हेच आठवतं, आणि वाईट वाटतं.

आज राजवाडा लोअर सॅक्सनी राज्याच्या मालकीचा आहे. एका भागात संग्रहालय आहे. तिथे राजवाड्याचा आणि परिसराचा इतिहास, हार्त्सचं जंगल, आणि हाताने रंगवलेल्या छोट्या कथिलाच्या बाहुल्यांनी मांडलेले ऐतिहासिक प्रसंग पाहायला मिळतात. दुसऱ्या भागात हेर्त्सबेर्गचं स्थानिक न्यायालय बसतं, ज्याला आम्टसगेरिश्ट म्हणतात. जर्मन न्यायव्यवस्थेची ही पहिली पायरी. लहान रकमांचे दिवाणी दावे, घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याचे प्रश्न, मृत्युपत्रं आणि वारसा, आणि ज्यांत चार वर्षांपेक्षा जास्त शिक्षा होण्याची शक्यता नाही असे फौजदारी खटले अशा न्यायालयांकडे असतात. जमिनीच्या मालकीची नोंदवहीही तिथलीच जबाबदारी: कुठला तुकडा कुणाचा, त्यावर कर्ज किती, वाट कुणाला.

२०१६ मध्ये ओस्टेरोडे जिल्हा गोटिंगेन जिल्ह्यात विलीन झाला, आणि जिल्ह्याचा कारभार हेर्त्सबेर्गपासून आणखी दूर गेला. न्यायालय मात्र टेकडीवरच आहे. ज्या टेकडीवर शेतकरी कधी काळी आपल्याच जमिनीचा खंड आणि वेठ द्यायला चढत होता, तिथे आता तो आपली मालकी नोंदवायला जातो, आणि निवाडा देणारा न्यायाधीश त्याच्याकडून काहीही वसूल करणाऱ्याच्या हाताखाली नसतो.